हात लावला की चाल

30 ऑगस्ट 2020, रविवार. बुद्धिबळाच्या पहिल्यावहिल्या ऑनलाइन ऑलिंपियाडची अंतिम लढत, भारत विरुद्ध रशिया. मॉस्कोत भरणारं नेहमीचं ऑलिंपियाड कोरोनामुळे पुढे ढकललं गेलं होतं, म्हणून ‘फिडे’ या जागतिक संघटनेने दीडशेहून अधिक देशांना पडद्यासमोर बसवलं होतं. प्रत्येक सामन्यात सहा पट मांडायचे. दोन पुरुषांचे, दोन महिलांचे, एक मुलाचा, एक मुलीचा. भारताचा कर्णधार नाशिकचा विदित गुजराथी. संघात गोव्याची भक्ती कुलकर्णी होती आणि नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुखही.

पहिली फेरी 3-3 अशी बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत भारताचा निहाल सरीन आणि दिव्या या दोघांचा संपर्क मध्येच तुटला. पडद्यावरचं घड्याळ तुमच्यासाठी थांबत नाही. ते चालत राहिलं, वेळ संपली, दोन्ही डाव हरल्याची नोंद झाली. त्या दिवशी इंटरनेटचं जाळंच जगभर अनेक ठिकाणी कोलमडलं होतं, त्यात ना नागपूरच्या विजेचा दोष होता ना घरातल्या राउटरचा. भारताने दाद मागितली आणि फिडेचे अध्यक्ष अर्कादी द्वोर्कोविच यांनी दोन्ही देशांना संयुक्त विजेते घोषित केलं.

याच स्पर्धेत आर्मेनियाच्या एका खेळाडूचा भारताविरुद्ध खेळताना संपर्क तुटला होता. त्यांचं अपील मात्र फेटाळलं गेलं आणि आर्मेनियाचा संघ निषेध म्हणून उठून गेला. म्हणजे तार कुठे तुटली, तुमच्या घरात की समुद्रापलीकडे, यावर सुवर्णपदक ठरलं. बुद्धिबळाच्या दीड हजार वर्षांत शह, मात, कोंडी सगळं होतं. हा प्रश्न नव्हता.

तरी दूर बसून खेळणं नवं नाही. 1828 च्या सुमारास मद्रास आणि हैदराबाद यांच्यात पत्रांनी सामना झाला होता आणि त्यातले डाव पुढे पुस्तकातही आले. आपल्याकडेही पोस्टकार्डावर चाल लिहून पाठवणारे षौकीन होते. एक डाव वर्ष-वर्ष चालायचा. टपालाचा खर्च वाचावा म्हणून लोक कार्डावरच लिहून टाकायचे, ‘तुम्ही घोडा हलवलात तर माझा उंट अमुक घरात, प्यादं पुढे सारलंत तर वजीर तमुक घरात.’ 1965 मध्ये हवानात कापाब्लांका स्मृती स्पर्धा झाली तेव्हा अमेरिकी सरकारने बॉबी फिशरला क्युबाला जाऊ दिलं नाही. तो न्यूयॉर्कच्या मार्शल चेस क्लबमध्ये बसला आणि प्रत्येक चाल टेलिप्रिंटरवरून हवानाला गेली. अशा अवस्थेतही त्याने दुसरा क्रमांक विभागून मिळवला.

हे जमलं, कारण बुद्धिबळात लपवण्यासारखं काही नसतं. 64 घरं, 32 सोंगट्या, सगळं दोघांच्याही डोळ्यांसमोर. चाल दोन-तीन अक्षरांत लिहिता येते आणि वाचणारा तीच स्थिती जशीच्या तशी मांडू शकतो. पत्राने पाठवा, तारेने पाठवा, मोबाइलवरून पाठवा, डाव तोच. पडद्यावर जायला याच्याइतका सोयीचा खेळ दुसरा नसेल.

एका वेगळ्या टेबलाची गोष्ट मधेच सांगतो, कारण तिथे उलटं आहे. अमेरिकेत 1974 मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा खेळ काढला. चार-पाच मित्र टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात: योद्धा, चोर, जादूगार. सूत्रधार सांगतो, ‘समोर दार आहे, आतून खुसखुस ऐकू येतेय.’ तुम्ही काय करता ते तुम्ही सांगायचं आणि ते जमलं की फसलं हे वीस पैलूंचा फासा ठरवतो. आमच्या विदर्भातली खडी गंमत किंवा झाडीपट्टीतली दंडार पाहिलेल्याला याचं नवल वाटायला नको. सोंग घेतलेला माणूस समोरच्याचं वाक्य झेलतो आणि तिथल्या तिथे उत्तर देतो. फरक इतकाच, की इथे प्रेक्षक नाही, सगळेच सोंगाडे.

या खेळात पट असलाच तर नावाला. खेळ असतो बोलण्यात, आणि बोलणं पडद्यावर नेणं सगळ्यात अवघड. एकाच वेळी दोघे बोलले की कुणाचंच कळत नाही. शेजाऱ्याच्या कानात ‘ह्याच्यावर विश्वास ठेवू नको’ असं पुटपुटता येत नाही. सूत्रधाराला कंटाळलेला चेहरा दिसत नाही, कारण त्या खेळाडूने कॅमेराच बंद केलेला असतो. या न्यायाने हा खेळ ऑनलाइन मरायला हवा होता. झालं उलटंच. 2004 मध्ये ‘फँटसी ग्राउंड्स’, 2012 मध्ये ‘रोल20’, 2020 मध्ये ‘फाउंड्री’ अशी ऑनलाइन टेबलं आली. नकाशा पडद्यावर, न पाहिलेल्या खोल्यांवर धुकं, फासा टाकला की बेरीज आपोआप, पात्राची वही हरवायची भीती नाही. आवाजासाठी 2015 पासून ‘डिस्कॉर्ड’ आहेच.

नागपूरकराला याचं कारण वेगळं समजावून सांगावं लागत नाही. इथलं पोरगं शिकतं आणि पुण्याला जातं, हिंजवडीतून बंगळुरूला, तिथून टोरांटोला. चौघांना एका टेबलाशी आणायचं तर दिवाळी लागते, आणि दिवाळीतही एकाला सुट्टी मिळत नाही. शनिवारी रात्री दोन तास कानाला हेडफोन लावून भेटणं ही तडजोड आहे खरी, पण टेबलाच्या बदल्यात केलेली नव्हे. न भेटण्याच्या बदल्यात केलेली. फासे मात्र हातात घेऊनच टाकावेत असं माझं मत आहे. पडद्यावरचा फासा कितीही गरगरला तरी तो आपणच टाकला असं वाटत नाही.

आता पुन्हा बुद्धिबळाकडे. जो खेळ अक्षरशः काहीही न सांडता पडद्यावर जातो, त्यात हरवतं काय? याचं उत्तर नियमांच्या पुस्तकात सापडतं. ‘हात लावला की चाल’ हा पहिला धडा कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांपासून आंतरराष्ट्रीय पंचांपर्यंत सगळे शिकवतात. सोंगटीला हात लागला तर ती हलवावीच लागते. नुसती घरात नीट बसवायची असेल तर आधी ‘अ‍ॅडजस्ट’ म्हणायचं. चाल ज्या हाताने केली त्याच हाताने घड्याळ दाबायचं. प्रत्येक चाल कागदावर लिहायची, तीही केल्यानंतर, आधी नाही. मोबाइल वाजला तर डाव गेला. नियम लिहिणाऱ्यांनी असं धरलेलं आहे की खेळाडूला हात आहेत, ते थरथरतात आणि ते लबाडीही करू शकतात.

पडद्यावर हे नियम गळून पडतात आणि दुसरे उगवतात. उंटावर बोट ठेवून दहा घरं फिरवा आणि पुन्हा जागेवर आणून सोडा, कुणी काही म्हणत नाही. पण बोट एक घर आधी सुटलं तर वजीर गेला. याला ‘माऊसस्लिप’ म्हणतात आणि मी या रोगाचा जुना रुग्ण आहे. प्रतिस्पर्ध्याची चाल व्हायच्या आधीच आपली आगाऊ लावून ठेवता येते, तीन मिनिटांच्या डावात त्यावाचून निभाव नाही. समोर माणूस असताना असं केलं तर तो भांडायला उठेल.

लबाडीचंही तसंच. फोनमधलं इंजिन आज जगज्जेत्यालाही हरवतं, त्यामुळे घरून खेळणाऱ्यावर विश्वास ठेवायचा तरी कसा? म्हणून बक्षिसाच्या ऑनलाइन स्पर्धांत खेळाडूच्या बाजूने कॅमेरा लावतात, पडदा आयोजकांना दाखवायला लावतात, खोली फिरवून दाखवायला सांगतात. जून 2021 मध्ये कोविड मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंद एकाच वेळी अनेक नामवंतांशी ऑनलाइन खेळला, तेव्हा एका उद्योजकाने त्याला हरवलं आणि दुसऱ्या दिवशी संगणकाची मदत घेतल्याचं कबूल केलं. हेतू दानाचा होता, बक्षीस काही नव्हतं, तरी मोह आवरला नाही.

किताबांच्या बाबतीत मात्र जग अजून पटाशीच बांधलेलं आहे. ग्रँडमास्टर व्हायला स्पर्धेतल्या कामगिरीवर मिळणारे जे नॉर्म लागतात, ते घरबसल्या मिळत नाहीत, प्रवास करावाच लागतो. नागपूरच्या रौनक साधवानीने तेरा वर्षांचा असताना, 2019 मध्ये, आयल ऑफ मॅन बेटावर किताब पक्का केला. संकल्प गुप्ताने 2021 मध्ये सर्बियात. बुद्धिबळाची पेठ चेन्नईला, आणि नागपूर नकाशावर मध्यभागी असलं तरी रेल्वेने सगळ्यांपासून एक रात्र लांब. आपल्याहून बलवान माणूस रोज समोर बसणं ही चेन्नईच्या मुलाला शेजारची गोष्ट असते, इथल्या मुलाला नव्हती. पडद्याने ही उणीव भरून काढली. धरमपेठेत बसलेला मुलगा जेवणाआधी आर्जेंटिनाच्या मास्तराकडून हरू शकतो. हरायला दर्जेदार माणूस मिळणं ही खेळात मोठी सोय आहे.

पण ज्या गोष्टी सरावात येत नाहीत त्या स्पर्धेच्या हॉलमध्ये घडतात. जुलै 2025, जॉर्जियातलं बाटुमी, महिला विश्वचषक. दिव्या तिथे गेली तेव्हा तिच्याकडे ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म नव्हता. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी, वयाने दुप्पट आणि अनुभवाने त्याहून जास्त. दोन दीर्घ डाव बरोबरीत सुटले. 28 जुलैला जलद डाव झाले. पहिला बरोबरीत, दुसऱ्यात काळ्या सोंगट्या घेऊन दिव्या जिंकली. विजेतीला किताब थेट मिळतो, म्हणून ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली. डाव संपल्यावर ती पटापाशीच रडली आणि मग आईला मिठी मारली. एकोणीस वर्षांची मुलगी, समोर जिला हरवलं ती बाई अजून तिथेच. पडद्यावर असं होत नाही. जिंकलात की ‘पुन्हा खेळायचं?’ असं बटण येतं.

हॉलचं कौतुक करताना हेही सांगायला हवं, की माणसं समोर असण्याचा जाचही असतो. जानेवारी 2024 मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झे इथल्या स्पर्धेनंतर याच दिव्याने जाहीरपणे लिहिलं, की प्रेक्षक तिचा खेळ सोडून कपडे, केस आणि बोलण्याची ढब यांवर बोलत होते. मुलगा असता तर कुणी त्याच्या शर्टाकडे पाहिलंही नसतं. पडद्यावर निदान सोंगट्याच दिसतात. पण स्वतःचे डाव पडद्यावर दाखवणाऱ्या कुठल्याही मुलीच्या चित्रफितीखालचे शेरे वाचा, म्हणजे हा दिलासाही किती पातळ आहे ते कळेल.

मोठ्या स्पर्धांत आता पट आणि पडदा असे वेगळे राहिलेलेही नाहीत. लाकडी पटाच्या पोटात संवेदक असतात, सोंगटीच्या तळाशी तारेचं छोटं वेटोळं असतं. सोंगटी उचलून ठेवली की चाल तारेतून संगणकात जाते आणि तिथून जगभर. कुणी बाहेरून इशारा देऊ नये म्हणून प्रक्षेपण काही मिनिटं उशिरा दाखवण्याचीही पद्धत आहे. नागपुरात फोनवर आपण जी चाल पाहून श्वास रोखतो, ती तिकडे कधीचीच झालेली असू शकते.

या पटाला सगळं कळतं, एक सोडून. डाव कोणी जिंकला हे त्याला समजत नाही. हात पुढे करून शरणागती दिली तर त्यात सोंगटी हलत नाही, मग तारेतून जाणार काय? म्हणून हस्तांदोलन झालं, सह्या झाल्या, की दोन्ही राजे उचलून पटाच्या मधोमध ठेवतात. पांढरा जिंकला असेल तर मधल्या पांढऱ्या घरांवर, काळा जिंकला असेल तर काळ्या. दिवसभर एकमेकांपासून लांब उभे असलेले दोन राजे तिथे तिरप्या रेषेत, शेजारी शेजारी उभे राहतात, आणि पडद्यावर निकाल उमटतो.