सट्टापट्टीचा चार्ट आणि फोटॉनचा आकडा

नागपुरात शाळाप्रवेशाच्या, आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के जागांची ऑनलाइन सोडत निघाली की पालकांत दोन तट पडतात. कम्प्युटरनं नंबर काढला म्हणजे निव्वळ नशीब, असं एक म्हणतो. आत आधीच सगळं ठरलेलं असतं, असं दुसरा. लबाडीचा संशय बाजूला ठेवला, तर तंत्राच्या दृष्टीनं दुसऱ्याच्या बोलण्यात तथ्य आहे. नुसता प्रोग्राम ‘सीड’ नावाच्या एका आकड्यापासून गणित करत पुढचे आकडे काढतो. तोच सीड दिला की तीच यादी. सीड दुबळा असला की काय होतं, ते २००८ मध्ये दिसलं. डेबियन लिनक्समधल्या एका चुकीच्या बदलामुळे जवळपास दोन वर्षं सुरक्षेच्या किल्ल्या एकेका प्रकारात जेमतेम ३३ हजारच शक्य होत्या.

म्हणून क्वांटम यंत्रातून काढलेल्या आकड्यांशिवाय ओटीपी धोक्यात आहे, असं मात्र नाही. आजचे प्रोसेसर सर्किटमधल्या गोंगाटातून सीड उचलतात आणि तेवढं पुरतं. ओटीपी जातो तो बहुधा आपणच फोनवर सांगितल्यानं.

दुसरा गैरसमज सट्टापट्टीवाल्यांचा. मटक्याचे जुने ओपन-क्लोज आकडे मांडलेले चार्ट बघून उद्याची जोडी काढणारे विदर्भात गावोगावी सापडतील. मुंबईचा आकडा सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर लागायचा; चिठ्ठ्यांचा मटका आला तो साठच्या दशकात. भावामागे निदान मागणी-पुरवठा तरी असतो. उडवलेल्या नाण्यामागेही न्यूटनचे नियम असतात. झटका किती, उंची किती हे नेमकं कळलं तर छापा की काटा ते सांगता येईल. त्याची अनिश्चितता आपल्या अज्ञानातून येते.

प्रकाशकणाचं, म्हणजे फोटॉनचं तसं नाही. अर्धपारदर्शक आरशावर एकेक फोटॉन सोडला, तर तो आरपार जाईल की परतेल हे आधी सांगता येत नाही. आरपार गेला तर ०, परतला तर १. तो उत्तर खिशात घेऊनच निघाला असेल, अशी शंका आइन्स्टाइनलाही होती. भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांनी १९६४ मध्ये ती तपासायची कसोटी दिली. प्रयोगांत ती साधी कल्पना टिकली नाही, आणि त्या कामाला २०२२ चं नोबेल मिळालं.

तरी यंत्रातून निघालेला कच्चा आकडा शुद्ध नसतो, हे जाहिरातींत सहसा येत नाही. आरसा अगदी निम्मा नसतो, डिटेक्टर चुकतात. समजा ० साठ टक्के वेळा येतो. गणितज्ञ फॉन नॉयमन यांची जुनी युक्ती अशी: आकडे दोन-दोन घ्या, ०० आणि ११ फेकून द्या, ०१ ला ० आणि १० ला १ म्हणा. दोन्ही जोड्यांची शक्यता ०.६ गुणिले ०.४, म्हणजे २४ टक्केच. कल गेला, निम्म्याहून जास्त माल वाया गेला, ते वेगळं.

असे आकडे काढायला क्वांटम कम्प्युटर लागत नाही. २०२० मध्ये सॅमसंगच्या एका फोनमध्ये अडीच मिलिमीटरची चिप आली: एक एलईडी आणि तिचे फोटॉन टिपणारा सेन्सर. बंगळूरची क्यूनू लॅब्ज अशी यंत्रं भारतात बनवते.

ब्रिटनच्या प्रीमियम बाँड या बचत योजनेतल्या बक्षिसांची सोडत २०१९ पासून क्वांटम यंत्रावर निघते. पण मनासारखा निकाल येईपर्यंत यंत्र पुन्हा चालवणाऱ्याला भौतिकशास्त्र अडवू शकत नाही. ते टाळायला अर्जदारांची यादी गोठवून सोडतीचा क्षण आधी जाहीर करावा लागतो. अमेरिकेची मानकसंस्था एनआयएसटी दर मिनिटाला ५१२ बिटांचा आकडा जाहीर करते, प्रत्येक आकडा आधीच्याशी साखळीनं जोडून. आरटीईचा सीड अशा, आधी ठरवलेल्या मिनिटाच्या आकड्यावरून घेतला आणि प्रोग्रामही खुला ठेवला, तर धंतोलीतला पालक घरबसल्या सोडत पुन्हा चालवून यादी ताडून पाहू शकेल.