वेफर सादळतो तेव्हा

जुलैत वसई-विरारला वेफर्सचं पाकीट फोडून ठेवलं की पाहता पाहता वेफर्स सादळतात. मसाला तोच, मीठ तेच, तेलही तेच. तरी हात पुन्हा पाकिटात जात नाही. काचेसारखा ठिसूळ झालेला स्टार्च दमट हवेतलं पाणी शोषून चिवट होतो आणि कुरकुर जाते, एवढंच घडलेलं असतं. म्हणजे पैसे आपण बरेचसे आवाजाचेच मोजतो. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स आणि मासिमिलियानो झाम्पिनी यांनी २००४ मध्ये खाणाऱ्यांना हेडफोनवरून त्यांच्याच चावण्याचा आवाज मोठा करून ऐकवला, तर तसलाच वेफर त्यांना जास्त ताजा वाटला. या प्रयोगाला २००८ चं इग नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनाचं पारितोषिक, मिळालं. हसण्यावारी न्यावा असा मात्र तो नाही.

कच्च्या बटाट्यात सुमारे ८० टक्के पाणी असतं. गरम वेफर्सच्या दुकानासमोर जरा थांबून कढईकडे पाहा. उसळणारे बुडबुडे म्हणजे या पाण्याची वाफ. चरचर बसली, बुडबुडे मंदावले की घाणा निघतो. तेव्हा चकतीत जेमतेम २ टक्के पाणी उरतं आणि साधारण तिसरा हिस्सा वजन तेलाचं होतं. १०० ग्रॅम बटाट्यात ७७ कॅलरी, तेवढ्याच वेफर्समध्ये ५३० च्या आसपास. तुलना थोडी अन्यायाची आहे, कारण तेवढ्या वेफर्सना बटाटाही कितीतरी जास्त लागतो. तरी निम्म्याहून अधिक कॅलरी तेलाच्याच.

मसाला वरवर भुरभुरलेला, म्हणून मीठ जिभेला लगेच भिडतं. आंबटपणाने लाळ सुटते. पाकिटामागे बारीक अक्षरांत ६२७ आणि ६३१ हे आकडे दिसले, तर ती चव खुलवणारी द्रव्यं. टोमॅटोसारख्या पदार्थांतल्या ग्लुटामेटशी जोडी जमली की त्यांचा जोर कैक पटींनी वाढतो.

केळ्याचे वेफर्स कच्च्या केळ्याचेच का, हे वसईकराला सांगायला नको. पिकल्यावर स्टार्चची साखर होते आणि ती तेलात काळवंडते. पिकलेल्या राजेळी केळ्यांची आगाशीकडे उन्हात वाळवून सुकेळी करतात ती म्हणूनच. बटाट्याचंही तेच. फ्रीजमध्ये ठेवला की त्यातली साखर वाढते. तळताना ही साखर आणि ॲस्परॅजिन हे अमिनो आम्ल मिळून ॲक्रिलामाइड तयार होतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांत कर्करोगाला कारण ठरलेलं हे रसायन तळलेल्या बटाट्यात सापडल्याचं स्वीडनने २००२ मध्ये जाहीर केलं. करपट तपकिरी वेफर बाजूला काढलेला बरा. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने खास वेफर्ससाठी काढलेल्या ‘कुफ्री चिपसोना’ वाणांत साखर कमी आणि घनांश जास्त असतो, त्यामुळे ते तेलही कमी पितात.