अशक्याचा हिशेब

एच. जी. वेल्सने १९०१ सालच्या कादंबरीत माणसं चंद्रावर धाडली ती गुरुत्वाकर्षण अडवणाऱ्या एका काल्पनिक पदार्थाच्या जोरावर. म्हातारा ज्यूल व्हर्न यावर चिडला. १८६५ सालीच त्याने तोफेतून चंद्राकडे माणसं उडवली होती. माझी तोफ खरी, दारू खरी. वेल्सने आपला पदार्थ दाखवावा, असं त्याचं म्हणणं. गंमत म्हणजे त्या तोफेतून उडालेले प्रवासी पहिल्याच धक्क्याला चिरडून मेले असते. थाप दोघांनीही मारली होती. व्हर्नने तिचा हिशेब देण्याचा प्रयत्न केला, वेल्सने एक सूट मागून घेतली आणि बाकीची गोष्ट चोख सांगितली.

अद्भुतकथा, विज्ञानकथा, भयकथा, पर्यायी इतिहास हे सगळं आता ‘स्पेक्युलेटिव्ह फिक्शन’ या एकाच नावाखाली येतं. रॉबर्ट हाइनलाइनने १९४७ च्या लेखात हे नाव वापरलं ते विज्ञानकथेबद्दल बोलताना. मार्गारेट ॲटवुडने वेगळंच कुंपण घातलं: मंगळावरचे प्राणी विज्ञानकथेत जावेत, प्रत्यक्षात घडू शकेल ते इथे, आपली ‘द हँडमेड्स टेल’ (१९८५) इथली. अर्सुला ल ग्विनला ही वाटणी पटली नाही. विज्ञानकथेला नाकं मुरडणाऱ्या समीक्षकांपासून आणि पारितोषिकं देणाऱ्यांपासून आपली पुस्तकं वाचवण्यासाठी ही व्याख्या केलेली दिसते, असा टोला तिने हाणला.

मला विचाराल तर कथेत यान आहे की भूत, यावर फारसं काही ठरत नाही. जे घडू शकत नाही त्याचं काय कारण लेखक देतो, ते बघावं. विज्ञानकथेत ते तर्काला पटावं लागतं. अद्भुतकथेत लेखकाने उभ्या केलेल्या जगाचे स्वतःचे कायदे असतात. टोल्कीनचा आग्रह एवढाच, की त्या जगात असेपर्यंत वाचकाचा विश्वास ढळता कामा नये. खरंच काही होतं की भास, हा निकाल लागेपर्यंतची वाचकाची घालमेल, हे त्झ्वेतान तोदोरोव्हने १९७० साली या साहित्याचं मर्म मानलं. नारायण धारपांच्या समर्थकथांत मात्र अशी घालमेल फार टिकत नाही. तिथे अघोरी शक्ती खरीच असते, आणि प्रश्न उरतो तिच्याशी लढायचं कसं.

या चौकटी एकमेकींत घुसतात. बेगम रोकेया यांच्या ‘सुलतानाज ड्रीम’मध्ये (१९०५) चौकट स्वप्नाची, ऊर्जा सूर्याची आणि राज्य बायकांचं, पुरुष पडद्यात. अद्भुत म्हणा, विज्ञान म्हणा, आदर्श राज्याची कल्पना म्हणा, तिन्ही खरं.

मराठी वाचकाला जवळचं उदाहरण जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’चं. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासराव गोळी लागून पडले आणि मराठ्यांच्या फौजेचा धीर सुटला, हा आपला इतिहास. कथेतले इतिहासाचे प्राध्यापक अशा जगात जाऊन पोचतात, जिथे ती गोळी निसटती गेली. तिथे मराठे जिंकले आहेत, आणि पुढचं सगळं राजकारण त्या एका गोळीने बदललं आहे. परत आलेल्या प्राध्यापकांच्या खिशात तिथल्या बखरीचं फाटकं पान असतं, त्यामुळे ‘स्वप्न पडलं असेल’ म्हणून बाजूला सारायची सोय राहत नाही. मग नारळीकर कॅटॅस्ट्रॉफी थिअरी आणि पुंजयामिकी यांच्या आधाराने खुलासा मांडतात. एवढा खुलासा नसता तरी पर्यायी इतिहास उभा राहिला असता. तो दिल्यामुळे ती विज्ञानकथाही झाली.

दिवाळी अंकांनी गूढकथा, विज्ञानकथा वर्षानुवर्षं जोपासल्या. ‘नवल’ आणि ‘धनंजय’ची तर ओळखच त्यावर. यंदा अशी कथा हाती आली, तर तिचा प्रकार कोणता याचा घोळ घालत बसू नका. लेखकाने सूट एकदाच मागितली की अडचण आली तशी पुन्हा पुन्हा, तेवढं तपासा. शेवटच्या पानावर नवा मंत्र किंवा नवं यंत्र काढून सुटका करून घेणारी कथा कोणत्याही नावाने छापली, तरी कच्चीच.