प्रबंधलेखनाची सामूहिक शिबिरे

अमेरिकी विद्यापीठांत अभ्यासक्रम व पात्रता परीक्षा पूर्ण होऊनही ज्यांचा केवळ प्रबंध उरलेला असतो, अशा पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना ‘ऑल बट डिझर्टेशन’, संक्षेपाने ‘एबीडी’, म्हणतात. वर्गांची शिस्त संपल्यावर वाट्याला येणारा एकाकीपणा आणि नजीकच्या मुदतीचा अभाव यांमुळे लेखन रेंगाळते, हे ओळखून फिलाडेल्फियातील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने २००५ मध्ये ‘डिझर्टेशन बूट कॅम्प’ सुरू केला. अशा शिबिरात विद्यार्थी ठरावीक दिवस एकाच शांत खोलीत बसून आपापला प्रबंध लिहितात. आरंभी प्रत्येकाने छोटे, मोजता येण्याजोगे उद्दिष्ट ठरवायचे आणि अखेरीस ते कितपत साधले याचा आढावा घ्यायचा, अशी पद्धत असते. विषयाचे मार्गदर्शन मार्गदर्शकाकडेच राहते. शिबिर पुरवते ती वेळेची चौकट आणि सोबत.