चेहऱ्यावरची रेष न हलवता

परशुराम कोमाजी खुणे हे झाडीपट्टी रंगभूमीचे गाजलेले विनोदी नट. गाव गुरनोली, तालुका कुरखेडा, जिल्हा गडचिरोली. आठशे वेगवेगळ्या भूमिका आणि पाच हजारांवर प्रयोग अशी त्यांच्या कारकिर्दीची नोंद आहे. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लोक कौतुकाने त्यांना ‘विदर्भाचे दादा कोंडके’ म्हणतात, पण या तुलनेत एक मोठा फरक झाकला जातो. दादांच्या भूमिका चित्रफितीवर आहेत, कधीही पुन्हा पाहता येतात. झाडीपट्टीच्या नटाची भूमिका मात्र पहाटे पडदा पडला की संपते.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतला जंगलाचा आणि धानाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. दिवाळीच्या सुमारास धान निघू लागले की गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि रात्री नाटक ठरलेले असते. हा हंगाम होळीपर्यंत चालतो. वैनगंगेकाठचे वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे नाटक कंपन्यांचे मुख्य ठाणे. गावची मंडळी तिथे जाऊन तारीख आणि नाटक पक्के करतात. आज या गावी, उद्या त्या गावी असा कलावंतांचा फिरता संसार असतो. रात्री उशिरा सुरू झालेला प्रयोग उजाडेपर्यंत रंगतो आणि आसपासच्या खेड्यांतून माणसे लोटतात.

अशा गर्दीपुढे निर्विकार चेहऱ्याचा विनोद साधणे फार अवघड. पडद्यावर तो तुलनेने सोपा होतो, कारण कॅमेरा चेहरा जवळ आणतो. ‘द जनरल’ (१९२६) मधला बस्टर कीटन गाडी सुटो की पूल कोसळो, भुवईसुद्धा हलवत नाही आणि प्रेक्षकाला ती न हललेली भुवई दिसते. मराठीत मास्टर विनायकांच्या ‘लग्न पहावे करून’ (१९४०) मध्ये दामूअण्णा मालवणकरांनी चिमणराव केला. त्यांची चकणी, निरागस नजर कॅमेऱ्याने जवळून टिपली. उघड्या मैदानात शेवटच्या रांगेतल्या माणसाला नटाच्या भुवया दिसत नाहीत. तिथे गांभीर्य मानेत, खांद्यांत, चालीत आणि मुख्य म्हणजे आवाजात आणावे लागते. पात्राला आपले म्हणणे शंभर टक्के पटलेले आहे, एवढे ऐकणाऱ्याला जाणवले पाहिजे. नट स्वतःच हसला की विनोद तिथेच मेला. हशा ओसरेपर्यंत थांबायचे, पण थांबलोय हे कळू द्यायचे नाही, ही या कामातली सर्वांत कठीण गोष्ट.

खुणे यांच्या गाजलेल्या भूमिकांत ‘एकच प्याला’मधल्या तळीरामाचे नाव घेतले जाते. त्याचे लेखक राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला वारले आणि पुढच्याच महिन्यात हे नाटक रंगभूमीवर आले. तळीराम हा नायक सुधाकराचा कारकून. दारूचे समर्थन तो एखाद्या शास्त्र्याच्या थाटात करतो, दारुड्यांच्या ‘आर्य मदिरामंडळा’चा कारभार गंभीरपणे हाकतो, आणि आजारी पडल्यावरही त्याला औषध नको, दारूच हवी असते. त्याच्या खाटेशी डॉक्टर आणि वैद्य भांडतात, तेव्हा प्रेक्षक पोट धरून हसतो. पण खाटेवरचा माणूस मरणाच्या दारात आहे. नटाने आधीच तोंड वेडेवाकडे करून हशे वसूल केले असतील, तर हा प्रसंग नुसता थट्टेचा उरतो. सुरुवातीपासून चेहरा सरळ ठेवलेला असेल, तरच हसता हसता घशात काहीतरी अडकते. तळीराम हा मराठी नाटकातल्या निर्विकार विनोदाचा उत्तम नमुना मानायला हवा.

या मुलखात ही भूमिका आणखी जवळची आहे. गडचिरोली जिल्ह्यात दीर्घ लोकआंदोलनानंतर १९९३ मध्ये दारूबंदी लागू झाली. त्या लढ्यात खेड्यापाड्यांतल्या बाया पुढे होत्या. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे इथल्या प्रेक्षकाने डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यामुळे तळीरामाचा युक्तिवाद त्याच्या कानाला पुस्तकी वाटत नाही. असली वाक्ये त्याने घरात, शेजारी, बाजारात ऐकलेली असतात.

या नटांची नोंद मात्र तुटपुंजी आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि झाडीपट्टीच्या नाट्यपरंपरेवर मोलाचे लेखन केले. तृषांत इंगळे यांच्या ‘झॉलीवूड’ने २०२२ मध्ये हे जग मोठ्या पडद्यावर आणले. तरी एखाद्या विनोदी नटाचा आवाज, त्याचे थांबे, एकच भूमिका गावागणिक कशी बदलत गेली, हे चित्रपटनटाचे काम जसे पुन्हा पाहता येते, तसे इथे तपासता येत नाही. खुणे यांच्यासारख्यांचे प्रयोग पहाटेपर्यंत पूर्ण ध्वनिचित्रमुद्रित करणे आणि त्यांच्या सोबतच्या नटांच्या, पेटीवाल्यांच्या आठवणी टिपून ठेवणे हे काम ते कलावंत हयात असतानाच व्हायला हवे.