दिसत नाही म्हणून बसवून ठेवू नका

डिसेंबर २०१७ मध्ये मेक्सिको सिटी येथे दिव्यांग जलतरणपटूंची जागतिक स्पर्धा झाली. त्यात पूर्ण अंध महिलांच्या गटात २०० मीटर वैयक्तिक मिडले शर्यतीचे सुवर्णपदक आपल्या महाराष्ट्राच्या कांचनमाला पांडे यांनी जिंकले. त्या मूळच्या अमरावतीच्या, नोकरी नागपूरला रिझर्व्ह बँकेत.

पदकाची बातमी चार दिवस छापून आली आणि मागे पडली. आरोग्याच्या पानावर आम्ही ती पुन्हा आणतो आहोत, त्याला कारण आहे. आपल्या नवी मुंबईत तुर्भे, दिघा, ऐरोलीच्या वस्त्यांमध्ये ज्या घरात अंध मूल आहे, तिथे ते बहुतेक वेळा खाटेवर नाहीतर दाराशी बसलेले दिसते. आईवडील त्याला प्रेमापोटीच बसवतात. पडेल, धडकेल, गल्लीतल्या गाडीखाली येईल, ही भीती खोटी नाही. मुलगी असेल तर भीती दुप्पट. पण बसवून ठेवल्याने जे नुकसान होते ते हळूहळू होते, म्हणून लवकर ध्यानात येत नाही.

मूल धावले, चढले, लोळले तरच त्याचे स्नायू बळकट होतात, तोल सुधारतो, दम वाढतो. डोळस मूल समोरचे पाहून आपसूक धावते. अंध मुलाला तसे काही खुणावत नाही, त्यामुळे कुणी हलवले नाही तर ते हलत नाही. मग मान खाली झुकते, खांदे पुढे येतात, पाय घासत चालायची सवय लागते, वजन वाढते. डोळ्यांचे दुखणे डोळ्यांपुरतेच होते, पण आपण ते साऱ्या शरीराला लावून देतो.

आता ती शर्यत काय असते ते पाहू. मिडले म्हणजे एकाच शर्यतीत पोहण्याचे चार प्रकार. पन्नास मीटरच्या तलावात पहिली फेरी बटरफ्लाय, म्हणजे दोन्ही हात एकदम पाण्याबाहेरून पुढे फेकत. दुसरी उताणे, पाठीवर. तिसरी ब्रेस्टस्ट्रोक, बेडकासारखे पाय मारत. चौथी फ्रीस्टाइल, एकेक हात मारत. प्रत्येक फेरीला श्वासाचा ताल बदलतो, वेगळे स्नायू कामाला लागतात. त्यात मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचावर, आपल्या कळसूबाईच्या शिखरापेक्षाही उंच. तिथल्या विरळ हवेत दम लवकर लागतो.

हे सगळे न पाहता कसे जमते? यात दैवी काही नाही. या गटात प्रत्येक स्पर्धकाला काळे केलेले गॉगल घालावे लागतात. कुणाला किंचित उजेड जाणवत असला तरी त्याचा फायदा मिळू नये, सगळ्या समान पातळीवर याव्यात, हा हेतू. सरळ रेषेसाठी पट्ट्याच्या कडेच्या दोरीचा आधार असतो, दंड तिला लागला की दिशा कळते. भिंत किती लांब आहे ते हात मोजून लक्षात ठेवायचे. आणि तलावाच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस लांब काठी घेऊन उभा असतो. काठीच्या टोकाला मऊ बोळा असतो. भिंत जवळ आली की तो पोहणारीच्या अंगाला त्या बोळ्याने हलकेच टोकतो. याला टॅपर म्हणतात. टोकायला घाई झाली तर वेग वाया जातो, उशीर झाला तर डोके भिंतीवर आदळते. म्हणून पोहणारी आणि टॅपर यांचा सराव बरोबरीने व्हावा लागतो.

हे वाचून आमच्या मनात एकच गोष्ट ठसली. हिंमत कांचनमालाताईंची होतीच. पण त्या हिंमतीला काळा गॉगल, दोरी, काठी, प्रशिक्षक आणि रोजचा तलाव या साध्या वस्तू-माणसांची जोड होती. ती जोड तुटली की काय होते, हेही त्याच वर्षी दिसले. जुलै २०१७ मध्ये बर्लिनच्या स्पर्धेला त्या गेल्या असताना मंजूर झालेले पैसे वेळेवर पोचले नाहीत आणि परक्या मुलुखात त्यांच्यावर उसनवारीची वेळ आली, असे तेव्हा वर्तमानपत्रांनी छापले होते. तरीही बर्लिनमध्ये त्यांनी रौप्यपदक मिळवले आणि मेक्सिकोसाठी पात्र ठरल्या. अशा वेळी टाळ्या वाजवणे सोपे असते. वेळेवर पैसे पोचवणे हे खरे काम.

पाणी शरीराला काय देते याचे जुने उदाहरणही महाराष्ट्रातलेच. सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पोहू लागले आणि १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक घेऊन आले. पाणी शरीराचे वजन तोलून धरते, त्यामुळे सांध्यांवर भार कमी येतो. अंध मुलासाठी आणखी एक सोय म्हणजे, माणूस सोबत असलेल्या मोकळ्या पट्ट्यात ठेच लागायला दगड नाही आणि धडकायला खांब नाही. हातपाय पूर्ण पसरून जोर लावता येईल अशा जागा त्याच्यासाठी फार थोड्या असतात.

पण पाणी म्हणजे कुठलेही पाणी नव्हे. तुर्भ्याकडच्या जुन्या दगडखाणींत पावसाचे पाणी साचते. तिथे काठ सरळ तुटलेला असतो, खोलीचा अंदाज येत नाही. धरण आणि खाडीचेही तेच. डोळस असो वा अंध, कुठल्याही मुलाने तिथे शिकायला उतरू नये. जीवरक्षक असलेला तलाव आणि शिकवणारा माणूस, या दोन्ही गोष्टी असतील तरच पाण्यात जायचे. कान वाहत असेल तर आधी उपचार करा. फिट येत असतील किंवा डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरवू नका.

तलाव जवळ नाही, फी परवडत नाही, ही अडचण आम्हाला ठाऊक आहे. तोवर घरी बसायचे असे नाही. विहाराच्या सभागृहात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मुलाच्या कमरेच्या उंचीवर दोरी ताणून बांधा. दोन्ही टोकांपासून हातभर अलीकडे गाठ मारा, म्हणजे भिंत आली हे हाताला कळेल. दोरीवर हात ठेवून मुलाला आधी चालू द्या, मग पळू द्या. मोठ्या मुलीच्या हातात रुमालाचे एक टोक द्या, दुसरे बहिणीने किंवा मैत्रिणीने धरावे आणि दोघींनी मैदानाला फेऱ्या माराव्यात. अंध धावपटू असाच दोरीचा तुकडा धरून सोबत्याबरोबर धावतात. रोज अर्धा तास पुरे, सुरुवातीला दहा मिनिटेही चालतील.

कागदाचे कामही याच महिन्यात उरका. स्वावलंबनच्या संकेतस्थळावर अर्ज करून सरकारी रुग्णालयातून तपासणी करून घ्या, प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ प्रमाणे चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि त्यांच्यासाठी खेळाच्या सोयी करणे ही त्याच कायद्याने सरकारवर टाकलेली जबाबदारी आहे. वाशीला महापालिकेचे ईटीसी केंद्र दिव्यांग मुलांच्या शिक्षण-प्रशिक्षणासाठीच आहे. तिथे जाऊन चौकशी करा. मुलगी असेल तर शिकवायला बाई आहे का, कपडे बदलायला बंद खोली आहे का, हे संकोच न करता विचारा.

पाण्यावर हक्क सांगणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. एकट्या आईने अर्ज केला तर तो टेबलावर पडून राहील. वस्तीतल्या दहा घरांनी मिळून महापालिकेकडे मागा की, आमच्या अंध मुलींना आठवड्यातून दोन दिवस तलावाचा एक पट्टा आणि शिकवणारी बाई द्या. काठी धरून टोकाला उभे राहायला आपल्यातलेच कुणी शिकून घेईल.