ओतीव गोळी

१८५७ सालच्या उठावाच्या इतिहासांत काडतुसांना लावलेल्या चरबीची हकीकत प्रत्येक विद्यार्थी वाचतो. त्या चरबीमुळें हिंदू व मुसलमान शिपायांचीं मनें कां दुखावलीं, हें त्याला सांगतां येतें. परंतु काडतुसाला मुळांत वंगण लागावेंच कां, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारितो. त्याचें उत्तर शिसें व दारू यांच्या स्वभावांत आहे. आणि अमेरिकेंत जे हौशी नेमबाज आजहि घरीं शिशाच्या गोळ्या ओतून स्वतःचीं काडतुसें भरितात, त्यांचें सारें कौशल्य हा स्वभाव ओळखण्यांतच आहे. आपल्या देशांत १९५९ च्या शस्त्रविषयक कायद्यान्वयें परवान्यावांचून दारूगोळा तयार करणें गुन्हा आहे. तेव्हां हा लेख कृतीसाठीं नव्हे, तर समजुतीसाठीं लिहिला आहे.

आधुनिक काडतुसाचे भाग चार: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशीं आघातानें पेट घेणारी टोपी, आंत दारू, आणि तोंडाशीं बसविलेली गोळी. बार उडतांच पितळ क्षणभर फुगून नळीच्या भिंतीस चिकटतें व वायु मागें येऊं देत नाहीं. लगेच तें किंचित् आकसतें, म्हणून पुंगळी सहज बाहेर निघते. टोपी, दारू व गोळी खर्ची पडतात. पुंगळी मात्र शिल्लक राहते. तिला पुन्हा मापास आणून भरण्याची चाल अमेरिकेंत फार जुनी आहे. न्यू हेवन येथें जॉन बार्लो यानें १८८४ सालीं या कामाचीं हत्यारें व गोळ्यांचे सांचे तयार करण्याचा कारखाना काढला होता.

आतां शिशाकडे वळूं. तें जड आहे, म्हणून हवेच्या विरोधास न जुमानतां दूर जातें. तें ३२७ अंश सेल्सिअसला वितळतें, म्हणून साध्या शेगडीवरहि ओततां येतें. परंतु तें मऊ आहे. रायफलीच्या नळीला आंतून मळसूत्री आटे असतात. ते गोळीला धरून भोंवऱ्याप्रमाणें फिरवितात. गोळी फार मऊ असली व वेग वाढला, म्हणजे शिसें आट्यांत माखून बसतें आणि पुढील गोळ्या भलतीकडे जाऊं लागतात.

यावर उपाय दोन. पहिला मिश्रणाचा. थोडें कथील घातल्यानें रस सांच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट भरतो. अँटिमनी घातल्यानें गोळी कठीण होते. वाचकांस नवल वाटेल, परंतु पूर्वीं आपलीं मराठी पुस्तकें ज्या खिळ्यांनीं छापलीं जात, ते खिळेहि याच तीन धातूंच्या मिश्रणाचे असत. लायनोटाइप यंत्राच्या धातूंत शेंकडा सुमारें ८४ भाग शिसें, १२ भाग अँटिमनी व ४ भाग कथील असे. छापखान्यांतून तें यंत्र निघून गेल्यावर अमेरिकेंत त्या धातूच्या पुष्कळशा विटा गोळ्या ओतणारांच्या हातीं पडल्या.

दुसरा उपाय वंगणाचा. ओतीव गोळीच्या अंगावर आडव्या खाचा असतात. त्यांत मधमाशांचें मेण व तेलकट पदार्थ यांचें मिश्रण भरितात, म्हणजे शिसें नळीस माखत नाहीं. एन्फील्ड रायफल तर तोंडाकडून ठांसावयाची होती. तींत कागदावरील वंगणामुळें गोळी सहज खालीं उतरे आणि जळलेल्या काळ्या दारूची काजळी मऊ राही. सारांश, वंगण आवश्यक होतें. परंतु तें कशाचें असावें, याविषयीं वापरणाराच्या अंतःकरणाचा विचार झाला नाहीं, आणि अनर्थाचें एक कारण तेथेंच उत्पन्न झालें.

लहान व्यासाच्या गोळीचें काम सर्वांत नाजूक. ‘.२२ हॉर्नेट’ या काडतुसाची गोळी साधारण ४५ ग्रेन, म्हणजे सुमारें ३ ग्रॅम वजनाची असते. ओततांना आंत हवेचा बुडबुडा राहून एक ग्रेन शिसें कमी पडलें, तर ५०० ग्रेनांच्या मोठ्या गोळीस तें जाणवणारहि नाहीं. येथें मात्र पंचेचाळिसावा भाग गेला. शिवाय १६ इंचांत एक फेरा देणाऱ्या नळींतून सेकंदास १६०० फूट वेगानें निघालेली गोळी सेकंदाला १२०० वेळां फिरते. एका अंगास पोकळ असलेली गोळी अशा वेगानें फिरतांना डगमगणारच. म्हणून जाणता मनुष्य प्रत्येक गोळी तोलतो व सदोष गोळी पुन्हा मुशींत टाकितो. दारू घातल्यावर प्रत्येक पुंगळींत तो उजेड पाडून पाहतो. कारण चुकून एकींत दुप्पट दारू पडली, तर रायफल फुटून भरणाराचाच प्राण जावयाचा.

पालकांनीं विशेष लक्षांत ठेवावी अशी गोष्ट शेवटीं सांगतों. शिसें हें विष आहे. त्याची धूळ हाताला लागून अन्नाबरोबर पोटांत जाते, फार तापल्यास धुरावाटे फुप्फुसांत शिरते, आणि वाढत्या मुलांच्या मेंदूस कायमची इजा करिते. मुलांच्या शरीरांत त्याचें अमुक प्रमाण निर्धोक, असें आजच्या वैद्यकशास्त्राला सांगतां येत नाहीं. वितळलेल्या शिशांत पाण्याचा एक थेंब पडला, तरी त्याची तत्काळ वाफ होऊन तप्त रस चोहोंकडे उडतो. म्हणून समंजस नेमबाज हें काम मोकळ्या हवेंत करितो, तेथें खात पीत नाहीं, मुलांना जवळ येऊं देत नाहीं व नंतर हात स्वच्छ धुतो. आपल्या किनाऱ्यावर जाळ्यांचीं वजनें करण्यासाठीं जुन्या बॅटरींतील शिसें घरच्या चुलीवर कोणी वितळवीत असेल, तर त्यालाहि हेच नियम लागू आहेत. आणि स्वयंपाकाची चूल तर त्यासाठीं कधींच वापरूं नये.

मऊपणा, जडपणा व थोड्या उष्णतेनें वितळणें, हे शिशाचे गुण. आणि त्याचे धोकेहि त्यांतूनच निघतात. ज्याला पदार्थाचा स्वभाव पुरता समजला, तोच त्याला हात लावण्यास पात्र. आमच्या विद्यार्थ्यांनीं शास्त्राचा अभ्यास याच दृष्टीनें करावा. आणि एक ग्रेनाच्या चुकीस क्षुल्लक न मानण्याची संवय आतांपासूनच लावून घ्यावी.